जपानी शिकायला जपानला जावे, पण केव्हा?

सुरंगी, प्रियोळ

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातील प्रियोळची. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन दोन वर्षे झाली आणि सध्या पणजीत एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात नोकरी करते. पुण्यातील एका शिक्षिकांकडे आठवड्यातून तीन संध्याकाळी ऑनलाइन जपानी शिकते. गेल्या डिसेंबरात जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची, एन ५ ही सर्वांत खालची पातळी दिली. शनिवारी रात्रीची बस, रविवारी पुण्यात परीक्षा, परत रात्रीची बस आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत थेट कार्यालयात, असा तो प्रवास होता. उत्तीर्ण झाले. येत्या जुलैत एन ४ देणार आहे.

जपानला जाऊन ही भाषा नीट शिकावी आणि पुढे अनुवादाचे काम करावे, अशी माझी इच्छा आहे. चहाविधी, पुष्परचना, सणवार, एकमेकांशी बोलण्याची त्यांची रीत, हे सारे पुस्तकातून वाचून समजते असे वाटते आणि दुसऱ्याच दिवशी काहीच समजले नव्हते हे लक्षात येते. ‘नोकरीसाठी नव्हे, भाषेसाठी जायचे आहे’ असे म्हटले की घरात सगळे गप्प होतात. तरीही वडील मुदतठेव मोडायला तयार आहेत. आमचे लहानसे कुळागर आहे. सुपारी, नारळ आणि थोडी मिरी एवढेच उत्पन्न.

मध्यंतरी एका सल्लागार संस्थेत चौकशी केली. तेथील गृहस्थांनी सांगितले, की एन ५ पुष्कळ झाले, पुढचे तिकडे गेल्यावर आपोआप येते. आठवड्याला २८ तास काम करता येते आणि त्या पगारातून फी आणि खर्च दोन्ही भागतात. शाळेचे नाव विचारले तेव्हा ‘ते नंतर ठरते’ असे उत्तर मिळाले. हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही.

एन ५ किंवा एन ४ वर भाषाशाळेत जाणे शहाणपणाचे आहे का, की इथेच आणखी वर्ष-दोन वर्षे शिकून मग जावे? कामाच्या पगारातून सगळे भागते हे कितपत खरे? आणि भाषेसोबत संस्कृतीही शिकायची असेल तर भाषाशाळा, विद्यापीठ की आणखी काही, हे कशावरून ठरवावे? ज्यांनी हा मार्ग स्वतः चालून पाहिला आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

तेरेखोल, पेडणे

सुरंगीताई, आपण जिथे उभ्या आहात तिथूनच मी गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एन ५ झाल्यावर लगेच जुलैच्या प्रवेशाने क्यूशूमधील फुकुओका शहरातील एका भाषाशाळेत मी दाखल झालो. भाषाशाळांचे प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी असे वर्षातून चार वेळा होतात, आणि शाळेतील वास्तव्य जास्तीत जास्त दोन वर्षांचे असते. आठवड्याला साधारण वीस तासिका, त्याही अर्धाच दिवस. एक तुकडी सकाळी, दुसरी दुपारी. माझी दुपारची होती. म्हणजे उरलेला दिवस आणि सगळी रात्र मोकळी, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

शैक्षणिक व्हिसावर गेलेल्याला कामासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती मिळाली की आठवड्याला २८ तास काम करता येते. शाळेच्या लांब सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत. मला जेवणाचे डबे भरणाऱ्या एका कारखान्यात काम मिळाले. रात्री दहा ते पहाटे पाच, आठवड्यातून चार रात्री. सात चोक अठ्ठावीस. सरकत्या पट्ट्यावरून भाताचे डबे येत आणि प्रत्येक डब्यातील भाताच्या बरोबर मध्यावर एक उमेबोशी ठेवणे एवढेच माझे काम होते. उमेबोशी म्हणजे मिठात मुरवलेले लालसर आंबट फळ. पहिल्या रात्री त्याच्या वासाने मला आमच्या घरच्या बरणीतील मिठातल्या तोरांची, म्हणजे कैऱ्यांची, एवढी आठवण झाली, की चार डबे तसेच पुढे गेले. त्या कारखान्यात मी जे जपानी ऐकले ते ‘लवकर’, ‘जपून’ आणि सुटताना ‘दमलात, आभार’ या तीन शब्दांपलीकडचे नव्हते. पट्ट्यावर माझ्या दोन्ही बाजूंना नेपाळी मुले उभी असत आणि त्यांच्याशी मी हिंदीत बोलत असे. जपानमध्ये राहून माझी हिंदी सुधारली, हे मी थट्टेने सांगत असलो तरी ते शब्दशः खरे आहे.

पहाटे खोलीवर यायचे, झोपायचे, एकला वर्गात बसायचे आणि शिक्षिका फळ्यावर नवीन कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरे, लिहीत असताना पेंगायचे. उपस्थिती घसरली तर व्हिसाच्या नूतनीकरणाला अडचण येते, म्हणून वर्ग चुकवला नाही. पण हजर असणे आणि शिकणे यांत फरक आहे. पावणेदोन वर्षांनी परतलो तेव्हा माझ्याजवळ एन ४ होते. एन ३ ला नापास झालो. एन ४ मी पेडण्यात बसूनही मिळवू शकलो असतो.

आता पगाराचा हिशेब. २०२४ साली जपानचे सरासरी किमान वेतन तासाला १,०५५ येन ठरले. २८ तास, चार आठवडे, म्हणजे महिन्याला सुमारे १,१८,००० येन. रात्रपाळीला थोडे अधिक मिळते. शहराप्रमाणे खोलीचे भाडे, जेवण, वीज, फोन, आरोग्य विमा आणि येणे-जाणे मिळून ८०,००० ते १,००,००० येन सहज जातात. शाळेची वर्षाची फी सात ते नऊ लाख येन. ती उरलेल्या पैशांतून फिटते का ते आपणच करून पाहा, आपण हिशेबाच्याच क्षेत्रातील आहात. शिवाय पूर्ण २८ तास काम पहिल्या आठवड्यापासून मिळत नाही, कारण ज्याला बोलता येत नाही त्याला दुकानदार काउंटरवर उभे करत नाही. तो कारखान्यातच जातो, आणि कारखान्यात भाषा येत नाही. त्या गृहस्थांनी आपल्याला सांगितले नाही ते हेच.

पोफळी, शिरोडा

माझी मुलगी सध्या कान्साईत, म्हणजे क्योतो-ओसाकाच्या भागात, एका विद्यापीठाशी संलग्न जपानी अभ्यासक्रमात शिकत आहे, म्हणून बापाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. भाषेतले मला कळत नाही, कागदपत्रातले थोडेफार कळते.

व्हिसाच्या आधी एक पात्रता प्रमाणपत्र लागते. सगळे त्याला सीओई म्हणतात. त्यासाठी अर्ज आपण करत नाही, शाळा आपल्या वतीने जपानच्या इमिग्रेशन कार्यालयात करते. तिथे दोन गोष्टी बारकाईने पाहिल्या जातात: मुलीने आधी किती जपानी शिकले आहे, आणि खर्च कोण करणार. पहिलीसाठी एन ५ किंवा साधारण १५० तासांच्या शिक्षणाचा दाखला बहुतेक शाळा मागतात. दुसरीसाठी खर्च उचलणाऱ्याचे बँकेचे कागद आणि उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. मुलगी काम करून फी भरणार आहे, असे तिथे लिहून चालत नाही. सल्लागार तोंडाने एक सांगतो आणि अर्जात दुसरे भरतो, ही गंमत लक्षात ठेवा. त्या अर्जाखाली सही आपली असते.

आता कुळागराचे. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे आमच्यासारख्यांच्या आयकर विवरणात दाखवण्यासारखा आकडा नसतो. सुपारी विकली, पैसे आले, घर चालले, कागद कुठे? मुलीच्या वेळी शाळेने ‘वडिलांचे तीन वर्षांचे उत्पन्न दाखवा’ असे कळवले तेव्हा मी डोक्याला हात लावला. शेवटी बागायतदार सोसायटीत घातलेल्या सुपारीच्या पावत्या, त्याच तारखांच्या बँकेतील नोंदी, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि मामलेदार कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला अशी चळत तयार केली आणि प्रत्येकाचे इंग्रजी भाषांतर जोडले. नशीब की पावत्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची माझ्या आईची सवय होती. आपल्या वडिलांना आजपासूनच माल रोखीने न विकता खात्यावर पैसे घ्यायला सांगा. आणि मुदतठेव अर्ज करायच्या आठवड्यात मोडून एकदम मोठी रक्कम खात्यात दाखवली, तर ती कुठून आली हा प्रश्न येतोच. ठेव आहे तशी ठेवून तिचा बँकेचा दाखला दिलेला बरा.

वर्षाचा एकूण खर्च आमच्या बाबतीत फी धरून १९ लाख येनच्या जवळपास गेला. येन पंचावन्न ते साठ पैशांच्या आसपास धरला तर अकरा लाख रुपये. मुलगी काम करते, पण आठवड्याला दहाच तास, एका लहानशा खानावळीत. तो तिचा हातखर्च. त्या खानावळीत तिला मिठावर भाजलेला साबा नावाचा मासा जेवायला मिळतो. तो बांगड्याच्याच कुळातला. त्यामुळे तिच्या आईची अर्धी काळजी मिटली.

गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाचा विचार कोणी सुचवेल. भाषाशाळेचा अभ्यासक्रम ही पदवी नसते, तेव्हा आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का हे आधी लेखी विचारून घ्यावे आणि मगच त्यावर भिस्त ठेवावी.

कावी, म्हापसा

मी जपानी शिकवते. बरीच वर्षे झाली, पदवीच्या तिसऱ्या वर्षी जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर एक वर्ष तिथे होते. वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. तेरेखोल यांच्याशी माझा मतभेद एका ठिकाणी आहे: एन ४ पेडण्यात बसून मिळाले असते हे खरे, पण त्यांनी तिथे जे घालवले ते कारखान्यामुळे घालवले, लवकर गेल्यामुळे नव्हे. अर्थात एन ५ वर गेलेल्याच्या वाट्याला कारखानाच येतो, तेव्हा फिरून आपण दोघे एकाच ठिकाणी पोहोचतो.

माझ्या मते प्रश्न असा विचारावा, की या भाषेतले काय घरी बसून मिळते आणि कशासाठी जपानच लागते. मराठी माणसाला घरी बसून पुष्कळ मिळते. क्रियापद वाक्याच्या शेवटी, नामाला मागून लागणारे प्रत्यय, मोठ्यांशी बोलताना बदलणारे रूप, हे सारे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘जाऊन येते’ म्हणतो. जपानी माणूसही उंबऱ्यावर ‘इत्ते किमासु’ म्हणतो, त्यातील ‘इत्ते’ म्हणजे जाऊन आणि ‘किमासु’ म्हणजे येते. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला हे ‘-ऊन’ रूप समजावताना शिक्षकाचा घाम निघतो, आपल्याला ते एका वाक्यात कळते. जपानी ‘त्सु’ उच्चारताना अनेकांची जीभ अडखळते; आपल्या ‘चूल’मधला ‘चू’ म्हणा, झाले. हिरागाना या जपानी लिपीचा तक्तासुद्धा अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा क्रमाने येतो, कारण बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीतून संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला होता आणि त्याच्याच आधाराने ती मांडणी झाली. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की लिपी, व्याकरण आणि पहिली सहासातशे कांजी यांसाठी महिन्याला लाख येन खर्च करू नयेत. ते काम प्रियोळच्या ओसरीवर होते.

जपान लागते ते पुढच्यासाठी. जेएलपीटीच्या कोणत्याही पातळीत बोलण्याची परीक्षा नाही आणि लिहिण्याचीही नाही. सगळे प्रश्न दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याचे. त्यामुळे एन २ झालेली व्यक्तीही फोनवर गप्प बसू शकते. माझा पहिला धडा मला कचऱ्याने दिला. एका सकाळी दारात घरमालकीणबाईंची चिठ्ठी होती, सुंदर अक्षरात. थंडी वाढली आहे, प्रकृतीला जपावे, परदेशातून येऊन एकटी राहते याचे कौतुक वाटते, असे सात-आठ ओळींत लिहिलेले. मला फार बरे वाटले. शेवटी एक वाक्य होते: बाटलीचे बूच वेगळे टाकता आल्यास उपकार होतील. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या ध्यानात आले, की ही तक्रार आहे आणि वरच्या सगळ्या ओळी तिच्यासाठी अंथरलेली चटई आहे. बाटली एका दिवशी, तिचे बूच आणि वरचा कागद प्लास्टिकच्या दिवशी, हा नियम मी तीन आठवडे मोडत होते आणि बाई तीन आठवडे माझ्या पिशव्या उघडून बुचे काढत होत्या. मी मिठाईचा लहानसा खोका घेऊन गेले. त्यांनी तो दोनदा नाकारला आणि तिसऱ्यांदा घेतला. त्या चिठ्ठीतला एकही शब्द मला अनोळखी नव्हता. अनुवाद करायचा आहे ना आपल्याला? मग त्या चिठ्ठीचा मराठी अनुवाद कसा कराल, याचा विचार करून पाहा.

चहाविधीचेही असेच. शेजारच्या एका वृद्ध बाईंकडे मी शनिवारी जात असे. पहिले दोन महिने चहाला हातही लागला नाही. फुकुसा नावाच्या रेशमी रुमालाची घडी कशी घालायची, एवढेच. गुडघ्यांवर बसून पायांना मुंग्या येत आणि उठताना मी एकदा भिंतीवरच गेले. असे शिकणे शनिवार मोकळा असेल तरच शक्य आहे, आणि संध्याकाळी मोकळ्या असतील तरच शेजारपाजार ओळखीचा होतो. पोफळी यांच्या मुलीचे दहा तास मला योग्य वाटतात. क्योतोत उरासेन्के घराण्याचा परदेशी लोकांसाठी चहाविधीचा वर्षभराचा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे, पण ते फार पुढचे पाऊल.

गावाविषयी थोडे. कान्साईत गेलात तर वर्गात तोक्योचे जपानी आणि रस्त्यावर वेगळे, हे गृहीत धरा. ‘हाशी’ म्हणजे काड्या आणि ‘हाशी’ म्हणजे पूल. फरक फक्त स्वर कुठे चढतो यात आहे, आणि तोक्योत जो चढ काड्यांचा तो क्योतोत पुलाचा. खानावळीत मी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने पूल मागितला होता.

शाळा निवडताना: एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये नवा कायदा लागू झाला असून भाषाशाळांना आता तिथल्या शिक्षण मंत्रालयाची मान्यता घ्यावी लागते, जुन्या शाळांना त्यासाठी मार्च २०२९ पर्यंत मुदत आहे. शाळेला ही मान्यता मिळाली आहे का, तिचे विद्यार्थी पुढे कुठे जातात आणि वर्गात कोणकोणत्या देशांची मुले आहेत, हे विचारावे. ‘शाळेचे नाव नंतर ठरते’ म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नये. बहुतेक भाषाशाळांचा रोख विद्यापीठाच्या किंवा व्यवसायशाळेच्या प्रवेशपरीक्षेकडे असतो. आपल्याला भाषा आणि संस्कृती हवी असल्यामुळे विद्यापीठांशी संलग्न एक वर्षाचे अभ्यासक्रम, ज्यांना ‘बेक्का’ म्हणतात, ते अधिक जवळचे. वासेदासारख्या विद्यापीठाचे स्वतंत्र जपानी भाषा केंद्रही आहे. ग्रंथालय मिळते, जपानी विद्यार्थी भेटतात, आणि एन ३ घेऊन गेलात तर आपण त्यांच्याशी बोलूही शकता.

शिष्यवृत्तीबद्दल आपण विचारले नाहीत, तरी पुढे कोणीतरी विचारेलच. मला मिळाली ती ‘निक्केन्सेई’, म्हणजे जपानी भाषा आणि संस्कृती यांच्या एक वर्षाच्या अभ्यासासाठीची मोन्बुकागाकुशो (जपानचे शिक्षण मंत्रालय) शिष्यवृत्ती. फी माफ, विमानभाडे आणि दरमहा १,१७,००० येन. पण ती परदेशी विद्यापीठात जपानी हा मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यालाच मिळते, आणि वर्ष संपल्यावर परत त्या वर्गात यावे लागते. वाणिज्य पदवीधराला त्यात जागा नाही. ज्यांची मुले आज बारावीत आहेत त्यांनी मात्र हे लक्षात ठेवावे: दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, शांतिनिकेतनची विश्वभारती, पुण्यातील टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, इथे जपानीतून पदवी होते आणि तिथूनच हा रस्ता जातो.

मांडवीकाठ, जुने गोवे

विषय जपानला जाण्याचा आहे, पण गोव्यात बसून बोलतो आहोत तर उलट दिशेने आलेला पहिला विद्यार्थी आठवल्याशिवाय राहवत नाही.

कागोशिमाचा आंजिरो नावाचा माणूस १५४७ साली मलाक्केला फ्रान्सिस झेवियरला भेटला आणि १५४८ मध्ये गोव्यात सेंट पॉल्स कॉलेजात येऊन राहिला. त्या कॉलेजची एक कमान तेवढी आज रस्त्याकडेला उभी आहे. मी रोज तिच्यावरून कामाला जातो. तिथे तो पोर्तुगीज शिकला, त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो झेवियरचा दुभाषी म्हणून परतला. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ही मंडळी कागोशिमाला उतरली. आता कावीताईंच्या चिठ्ठीशी याचा संबंध. ख्रिस्ती देवासाठी जपानी शब्द कोणता, असे विचारल्यावर आंजिरोने ‘दाइनिची’ हा शब्द सुचवला. तो शिंगोन पंथातील महावैरोचन बुद्धाचे नाव निघाला. झेवियरने पुष्कळ दिवस रस्त्यावर उभे राहून लोकांना दाइनिचीची भक्ती करायला सांगितले, आणि शिंगोन भिक्षू त्यावर खूश झाले. चूक ध्यानात आल्यावर शब्द टाकून लॅटिन ‘देउस’ वापरणे सुरू झाले. बोलता येणारा दुभाषी होता, धर्मग्रंथांत मुरलेला नव्हता. सुरंगीताईंना अनुवादक व्हायचे आहे म्हणून मुद्दाम लिहिले.

त्यानंतर चार जपानी तरुण युरोपात दूत म्हणून गेले, १५८२ ते १५९०. परतीच्या वाटेवर १५८७ मध्ये गोव्यात त्यांच्यातील हारा मार्तिनो याने लॅटिनमध्ये भाषण केले आणि पुढच्या वर्षी ते इथेच छापले गेले. त्या मुलाची लॅटिन अशी, आणि आपण एन ३ ला घाबरतो! जाता जाता: जपानीत ब्रेडला ‘पान’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज, आणि आपल्या पोदेराचा पाव त्याचाच भाऊ.

झरी, कुडचडे

एक लहानशी शंका. माझ्या मावसभावाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. त्याला जपानला व्हिसा लागत नाही असे तो म्हणतो. मग त्याला हे सीओई वगैरे न करता भाषाशाळेत जाता येईल का?

कावी, म्हापसा

९० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी त्याला व्हिसा लागत नाही, हे बरोबर. त्या मुदतीत उन्हाळी वर्गासारखा छोटा अभ्यासक्रम करता येईल, पण काम करता येणार नाही. वर्ष-दीड वर्ष शिकायचे तर पासपोर्ट कुठलाही असो, सीओई आणि शैक्षणिक व्हिसा हवाच. पोहोचल्यावर विमानतळावर निवासपत्र मिळते आणि घर ठरल्यापासून १४ दिवसांत स्थानिक कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, तेही त्याला चुकणार नाही.

सुरंगी, प्रियोळ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही सगळी उत्तरे मी आईवडिलांना वाचून दाखवली. पोफळीकाकांचा पत्र्याच्या डब्याचा उल्लेख आल्यावर वडील उठून माळ्यावर गेले आणि बागायतदारच्या सहा वर्षांच्या पावत्या घेऊन खाली आले. त्यातील काही वाळवीने खाल्ल्या आहेत, पण गेल्या तीन वर्षांच्या शाबूत आहेत.

जुलैत एन ४ आणि डिसेंबरात एन ३ द्यायची, निकाल आल्यावर पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूतील प्रवेशासाठी दोन-तीन बेक्कांना अर्ज करायचा, असे तूर्त ठरवले आहे. तोपर्यंत नोकरी सोडणार नाही, म्हणजे पगारातूनही थोडी भर पडेल. त्या संस्थेला शाळेचे नाव, मान्यता आणि फीची पावती कोणाच्या नावे मिळेल, असे तीन प्रश्न लिहून पाठवले होते. अजून उत्तर आलेले नाही, आणि आता मी वाटही पाहत नाही.

कावीताई, चिठ्ठीचा अनुवाद करून पाहिला. शब्द आठवून मूळ मीच रचले, तेव्हा चुका असतीलच. मराठीत ‘उपकार होतील’ म्हटले की फारच मोठे वाटते आणि ‘बूच वेगळे टाका’ म्हटले की बाई रागावलेल्या वाटतात. शेवटी आईला विचारले, की शेजारणीला असे सांगायचे तर तू कसे सांगशील. ती म्हणाली, मी सांगणारच नाही, मीच बूच काढून टाकीन. एन ३ च्या तयारीसाठी आठवड्यातून एकदा आपल्याकडे बोलण्याचा सराव करता येईल का? रविवारी सकाळी म्हापशाला येऊ शकते.

कावी, म्हापसा

जरूर या. दहाच्या आधी नको, त्या वेळी लहान मुलांचा वर्ग असतो. आणि आपल्या आईंनाही एकदा घेऊन या.

तेरेखोल, पेडणे

एक राहिलेच. जुलैच्या परीक्षेला शनिवारी रात्रीच्या बसवर विसंबू नका. त्या दिवसांत घाटात दरड आली की गाडी तासन् तास अडकते, आणि परीक्षागृहाचे दार एकदा बंद झाले की उघडत नाही. शुक्रवारी रात्रीच निघा.